जोडीतील एक थांबल्यावर

लग्नाच्या मांडवात जेवणे आटोपली आणि बँडवाल्यांनी वॉल्ट्झची संथ धून धरली, की नवरानवरी प्रथम उठतात, हे दृश्य आपल्या वाचकांस नवे नाही. नवऱ्याचे पाऊल चुकते, नवरी हसते, मावश्या टाळ्या वाजवितात आणि दोन गिरक्यांत सारे निभावून जाते. त्या नाचात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. एकमेकांस सांभाळून घेतले म्हणजे झाले.

परंतु हाच नाच जगात काही लोकांनी आपल्या आयुष्याचा व्यवसाय केला आहे. इंग्लंडात ब्लॅकपूल नावाचे समुद्रकाठचे शहर आहे. तेथील विंटर गार्डन्समधील एम्प्रेस बॉलरूममध्ये १९२० सालापासून जोडीनृत्याचा प्रसिद्ध महोत्सव भरत आला आहे. वॉल्ट्झ, टँगो, फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप अशा नाचांतून देशोदेशींच्या जोड्या तेथे एकमेकींशी स्पर्धा करतात. पुरुषाच्या पाठीवर क्रमांक लावलेला असतो, परीक्षक कडेला उभे राहून गुण देतात आणि फेरीमागून फेरी जोड्या गळत जातात. दोन मिनिटांच्या नाचासाठी वर्षानुवर्षे रोज सराव करावा लागतो. या स्पर्धेतील ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की तेथे गुण एकट्याला मिळत नाहीत. ती उत्तम नाचली आणि तो चुकला, असा निकाल नसतो. जोडी म्हणून तरावयाचे, जोडी म्हणूनच बुडावयाचे. त्यामुळे जोडीदार आजारी पडला किंवा सोडून गेला, तर दुसऱ्याची कारकीर्दही तेथेच अडते. त्याने नवा जोडीदार शोधावा आणि पहिल्या पावलापासून पुन्हा आरंभ करावा, एवढाच मार्ग उरतो.

हे वाचीत असता आमच्या मनात एक प्रश्न आला. ज्या जोडीने नाच हाच संसार मानला, तिच्यातील एक कायमचा थांबला, तर दुसऱ्याने काय करावे? या प्रश्नाचे एक खरेखुरे उत्तर आम्हांस ग्वाल्हेर शहराच्या कथेत सापडले. ते आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

ग्वाल्हेर आपणा मराठी माणसांस परके नाही. शिंद्यांची ती राजधानी. तेथील लष्कर भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. तानसेनाची समाधी तेथे आहे. हद्दूखाँ-हस्सूखाँची गायकी तेथे वाढली आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी तीच महाराष्ट्रात आणून रुजविली. गाण्याच्या या गावात १९६४ साली मुंबईहून एक नृत्यपथक बिऱ्हाड घेऊन आले. त्याचे नाव लिटल बॅले ट्रूप. पुढे ते रंगश्री लिटल बॅले ट्रूप म्हणून ओळखले जाऊ लागले. पथकाची धुरा ज्या बाईंच्या खांद्यावर होती, त्यांचे नाव गुल बर्धन. दहा वर्षांपूर्वीच त्यांच्या पतीचे निधन झाले होते.

शांती बर्धन हे त्यांचे पती. जन्म १९१६ चा, हल्लीच्या बांगलादेशातील कुमिल्ला येथील. मणिपुरी नृत्य त्यांनी मनापासून आत्मसात केले होते. अ‍ॅना पाव्हलोव्हा या रशियन नर्तकीबरोबर १९२३ साली लंडनमध्ये नाचलेले उदयशंकर पुढे भारतात परतले आणि हिमालयाच्या कुशीत अल्मोडा येथे त्यांनी कलाकेंद्र काढले. त्या केंद्रात शांती बर्धन होते. पुढे १९४३ साली बंगालवर दुष्काळाची धाड पडली. लाखो माणसे अन्नान्न करीत मेली. अशा वेळी केवळ श्रीमंतांच्या मनोरंजनासाठी नाचण्यात काय अर्थ, असे अनेक तरुण कलावंतांस वाटू लागले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनच्या मुंबईतील मध्यवर्ती पथकात शांती बर्धन सामील झाले. अंधेरीस ही मंडळी एकत्र राहत, एकत्र जेवीत आणि एकत्र सराव करीत. तेथे रचलेल्या ‘इंडिया इम्मॉर्टल’ या नृत्यनाट्याची नृत्यरचना शांती बर्धन यांची आणि संगीत रविशंकर यांचे होते.

गुल बर्धन यांचा जन्म १९२८ चा, गुजराती कुटुंबातला; माहेरचे नाव झवेरी. त्याही याच चळवळीतून नृत्याकडे आल्या. घरंदाज मुलीने रंगमंचावर पाऊल ठेवणे त्या काळी सोपे नव्हते, हे आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. कलेच्या कामातच ही दोन माणसे एकत्र आली आणि त्यांचा संसार उभा राहिला.

परंतु लवकरच क्षयरोगाने शांती बर्धन यांना गाठले. क्षयावरील गुणकारी औषधे त्या काळी आपल्या देशात सर्वांच्या हाती पोचली नव्हती. शस्त्रक्रिया हाच पुष्कळदा अखेरचा उपाय असे. ते त्या दुखण्यातून उठले, परंतु एका फुप्फुसाला मुकूनच. नर्तकाची सारी पुंजी त्याच्या श्वासात असते. शिडी चढताना ज्याला धाप लागते त्याने नाच बसवावा कसा? दुसरा कोणी असता तर घरी बसला असता आणि त्याला कोणी नावे ठेवली नसती.

शांती बर्धन यांनी मात्र १९५२ साली मुंबईत लिटल बॅले ट्रूपची स्थापना केली. या कामी गुल त्यांच्या बरोबरीने उभ्या होत्या. पथकाचे पहिले मोठे काम म्हणजे ‘रामायण’. जत्रेत जमलेली खेडूत मंडळी कठपुतळ्यांचा खेळ पाहत आहेत, अशी त्याची मांडणी. राम, सीता, रावण, सारेच जण जिवंत नर्तक, परंतु त्यांच्या हालचाली लाकडी बाहुल्यांच्या. मान झटक्याने वळावयाची, कोपर कोनात मोडावयाचे, पाऊल दोरीने ओढल्यागत उचलावयाचे. अंगावरचे पोशाखही चौकोनी, कोनदार. माणसाने बाहुली होणे हे दिसावयास गमतीचे, परंतु करावयास फार कठीण. कारण शरीराचा स्वाभाविक मऊपणा क्षणभरही डोकावू द्यावयाचा नसतो. आम्हांस असे वाटते, की ज्याला स्वतःच्या देहाची दोरी आता तुटते की मग, याची रोज धास्ती होती, त्यालाच ही कल्पना सुचावी, यात काही नवल नाही.

यानंतर त्यांनी ‘पंचतंत्र’ हाती घेतले. कावळा, उंदीर, कासव आणि हरीण यांच्या मैत्रीची ती कथा आपण सर्वांनी शाळेत वाचलेली आहे. एकटे असता प्रत्येक जण दुबळा, परंतु पारधी आला असता चौघे मिळून एकमेकांस सोडवितात. या पशुपक्ष्यांची चाल, मान वळविण्याची लकब, दचकण्याची रीत न्याहाळून शांती बर्धन यांनी त्यांचे नृत्य घडविले. दुखणे पुन्हा बळावले, तरी ते काम थांबले नाही. परंतु ३ सप्टेंबर १९५४ रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षाच्या सुमारास, मृत्यूने त्यांना नेले. पथक अवघे दोन वर्षांचे होते.

ब्लॅकपूलच्या नियमाने पाहिले, तर जोडी येथे संपली.

गुल बर्धन तेव्हा पंचविशी नुकत्याच ओलांडलेल्या होत्या. तरुण विधवेने घरात बसावे, ही आपल्या समाजाची अपेक्षा काय असते ते आपण जाणतो. त्यांनी दुःख आवरले आणि पथक मोडू दिले नाही. ‘पंचतंत्र’ सहकाऱ्यांच्या साहाय्याने रंगमंचावर आणले. ‘रामायण’ चालू ठेवले. देशात व परदेशात पथकाचे प्रयोग होत राहिले. नृत्यरचनाकार प्रभात गांगुली यांच्यासारखे सहकारी त्यांना लाभले. पुढे ग्वाल्हेरला स्थलांतर करून तेथे त्यांनी सुमारे दोन दशके काम केले. मुंबईचे प्रेक्षक, मुंबईची वृत्तपत्रे आणि मुंबईच्या ओळखी मागे टाकून हजार किलोमीटरांहून दूर, नव्या गावी पुन्हा मांडामांड करणे हे लहानसहान काम नव्हे.

येथे नृत्याविषयी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. कवी गेला तरी त्याची वही उरते. चित्रकार गेला तरी भिंतीवर चित्र उरते. नाचाचे तसे नाही. मान किती झटक्याने वळवावी, पाऊल कोणत्या मात्रेवर उचलावे, हे कागदावर पुरते उतरत नाही. ते एका देहातून दुसऱ्या देहात शिकवूनच जावे लागते. शिकविणारा थांबला आणि शिकणारा मिळाला नाही, तर सबंध कलाकृती एका पिढीत पुसली जाते. गुल बर्धन यांनी पतीचे काम जपले ते फोटोला हार घालून नव्हे. नव्या मुलामुलींना बोलावून, त्यांची कोपरे आपल्या हातांनी कोनात मोडून आणि चुकले तर पुन्हा पहिल्यापासून करवून घेऊन त्यांनी ते जपले. नर्तक म्हातारे होत गेले, नवे येत गेले, परंतु ‘रामायणा’तल्या बाहुल्या शांती बर्धन यांनी दाखविलेल्या रीतीनेच मान वळवीत राहिल्या.

१९८० नंतरच्या दशकात पथक ग्वाल्हेरहून भोपाळला गेले. गुल बर्धन यांना २०१० साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी २९ नोव्हेंबर रोजी त्यांचे निधन झाले. पतीच्या पश्चात छप्पन्न वर्षे त्यांनी ती जबाबदारी वाहिली. दोघांनी मिळून पथक चालविले ते दोन वर्षे. हा हिशेब वाचकांनी क्षणभर मनाशी करून पाहावा.

आमच्या गावोगावीही अशी घरे आहेत. नवरा अर्ध्यावर सोडून गेला आणि बाईने वाडी राखली, होडी विकू दिली नाही, मुलांस शिकविले. कोठे बायको गेली आणि पुरुषाने चुलीपुढे बसून लहानग्यांना वाढविले. त्यांना कोणी पदक दिले नाही, परीक्षकांनी गुण दिले नाहीत. बाहेरून पाहणाऱ्यास ती एकटी माणसे वाटतात. आम्हांस मात्र तसे वाटत नाही. गेलेल्याने शिकविलेले पाऊल जोवर कोणी टाकीत आहे, तोवर ती जोडीच होय.

पुढल्या लग्नात वॉल्ट्झची धून सुरू होईल, तेव्हा मांडवाच्या कडेला खुर्चीवर एकटीच बसून पायाने ताल धरणाऱ्या एखाद्या आजीकडे आपले लक्ष जावो. तिच्याजवळ जावे, दोन शब्द बोलावे आणि तिचे पाऊल आपणही शिकून घ्यावे, एवढीच आमची विनंती.