गहुंज्याचा सामना, रहाटणीचा गल्ला

2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आणि आपल्याकडच्या काही मंडळींचा जीव खालीवर झाला. आपल्याला असं कधी मिळणार? मिळालं होतं की! 2023 च्या क्रिकेट विश्वचषकाचे पाच सामने पुण्याजवळच्या गहुंज्याच्या मैदानावरच झाले.

रहाटणीतलं एखादं कुटुंब सामन्याला गेलं, तर तिकीट, जर्सी आणि टॅक्सीवर गेलेला पैसा एरवी तिथल्याच कोकणे चौकातल्या हॉटेलात किंवा कपड्याच्या दुकानात गेला असता. पैसा नवा आला नाही, त्याने वाट बदलली. नवा पैसा आणतो तो बाहेरगावचा प्रेक्षक. पण मैदान मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला लागून. मुंबईकर सामना संपला की रातोरात परततो. मुक्काम केलाच, तर वाकड-बाणेरला.

खर्च मात्र इथेच राहतो. सामन्यांच्या पोलीस बंदोबस्तासाठी आयोजकांकडून घेतलं जाणारं शुल्क राज्य सरकारने 2023 मध्ये घटवलं, तेही 2011 पासून मागे जाऊन. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. (मिळकतकरात अशी मागची सूट मागून बघा.) मैदानासाठी पवनेचं पाणी उचलायला याच न्यायालयाने 2018 मध्ये मनाई केली होती. त्याच पवनेच्या पाण्यावर आपले नळ चालतात आणि नोव्हेंबर 2019 पासून ते दिवसाआड येतं.

शिवाय सामना नावाचा हा पाहुणा कधी उठून जाईल, नेम नाही. 2016 च्या दुष्काळात आयपीएलचे मे महिन्यातले बहुतेक सामने राज्याबाहेर गेले, पुण्याचा संघ विशाखापट्टणमला खेळला. 2018 मध्ये कावेरीच्या वादामुळे चेन्नईचे सामने गहुंज्याला आले. चेन्नईचीच टेनिस स्पर्धा त्या वर्षी बालेवाडीत आली आणि 2023 नंतर तीही थांबली. याउलट चाकणला कारखाना आला की त्याच्यामागे जॉबवर्कच्या शेड, टेम्पोवाले आणि खाणावळी येतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. सामन्यामागे येतात ते झेंडेवाले, संध्याकाळपुरते.

बालेवाडीचं क्रीडासंकुल तेवढं वेगळं. 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलं, 2008 च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांना कामी आलं आणि आजही तिथे पोरं सरावाला जातात. यजमानपदाचा फायदा मोजायचा तर असा, स्पर्धा नसलेल्या एखाद्या मंगळवारी. उलट मॉन्ट्रियल 1976 च्या ऑलिंपिकचं कर्ज 2006 पर्यंत फेडत राहिलं. तिथल्या करदात्याला हा हिशेब कळायला तीस वर्षं लागली.

गहुंज्याला सामने जरूर यावेत. फक्त बंदोबस्ताचं पूर्ण बिल आयोजकांच्या नावाने फाडावं आणि पैसे तिकीटविक्री सुरू होण्याआधी भरून घ्यावेत.