खरेदीखतावर बाईची सही कुठे असते?

बाभुळगाव तालुक्यातल्या एखाद्या बाईला विचारून बघा, ‘वावर गहाण आहे का हो?’ ती ठामपणे म्हणेल, ‘नाही जी.’ आणि ती खोटं बोलत नसते. गहाण असं कागदावर काही नसतंच. असते ती ‘खरेदी’. पेरणीच्या तोंडावर बियाण्याला पैसे हवेत, सोसायटीचं जुनं कर्ज थकलेलं, बँक उभं करत नाही. मग गावातलाच कुणीतरी पन्नास हजार देतो आणि त्या बदल्यात तीन एकराचं खरेदीखत रीतसर करून घेतो. तोंडी वचन एवढंच, की ‘पैसे फिटले की वावर उलटून देईन.’ व्याज शेकडा पाच रुपये महिना. ऐकायला पाच वाटतात, वर्षाला साठ टक्के होतात!

सरकारी भाषेत याला ‘अवैध सावकारी’ म्हणतात. गावात तसं कुणी म्हणत नाही. तिथे तो शेठ असतो, नाहीतर काका. अडीनडीला धावून येणारा माणूस! म्हणून तर त्याच्याविरुद्ध तक्रार करायला जीभ रेटत नाही.

मैत्रिणींनो, या सगळ्या व्यवहारात बाई कुठे असते, सांगा बरं? सातबारा नवऱ्याच्या नावावर, अंगठा नवऱ्याचा, साक्षीदार पानठेल्यावरचे दोघं. माझ्या ओळखीच्या एका बाईला आपलं वावर विकलं गेल्याचं नवरा गेल्यावर कळलं. ती वारसाची नोंद करायला तलाठ्याकडे गेली, तर सातबाऱ्यावर भलतंच नाव! चार वर्षं त्याच वावरात ती निंदण करत होती, कापूस वेचत होती. स्वतःच्या शेतात समजून.

आता सरकारने काय काय केलं ते पाहू. केलं नाही असं मी म्हणणार नाही, पुष्कळ केलं. २००६च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. २००८ला देशभरची कर्जमाफी आली. पण पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला. आमच्या कोरडवाहू भागात पाच-सहा एकरवाला म्हणजे काही बागाईतदार नव्हे, पण तो नियमाच्या बाहेर पडला. त्याला अंशतः सवलत, तीही उरलेली रक्कम भरली तर. पुढे २०१७ला दीड लाखाची, २०१९ला दोन लाखांची कर्जमाफी झाली. या सगळ्या माफ्या बँकेच्या आणि सोसायटीच्या कर्जाच्या. शेठच्या वहीला त्यांचा स्पर्शसुद्धा झाला नाही. २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचं सावकारी कर्ज सरकारने स्वतः फेडायचं ठरवलं, पण तेही परवानाधारक सावकाराचंच. ज्याच्याकडे परवाना नाही, ज्याचा जाच सगळ्यांत मोठा, तो पुन्हा सुटला.

सगळ्यांत जिव्हारी लागतं ते मदतीच्या निकषांचं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाखाची मदत, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. पण त्यासाठी कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. म्हणजे बघा, बेकायदा सावकाराने नाडलं म्हणून माणूस गेला, तर ते कर्ज कागदावर दिसत नाही, आणि कागदावर दिसत नाही म्हणून त्याची बायको ‘अपात्र’! गुन्हा करणाऱ्याने पुरावा ठेवला नाही, याची शिक्षा विधवेला. हा निकष ज्यांनी लिहिला, त्यांनी आपल्या घरातल्या एखाद्या बाईला तरी विचारायला हवं होतं.

‘सावकारांना कोपरापासून ढोपरापर्यंत सोलून काढू’ ही आर. आर. आबांची घोषणा तुम्हाला आठवत असेल. टाळ्या खूप पडल्या. पण त्याच काळात, २००६ साली, बुलडाणा जिल्ह्यात सत्ताधारी पक्षाच्या आमदाराच्या वडिलांविरुद्ध सावकारीची तक्रार आली, तर ती थेट नोंदवू नका, आधी जिल्हा समितीकडे पाठवा, असं मुख्यमंत्री कार्यालयातून सांगितलं गेलं. मुख्यमंत्री होते विलासराव देशमुख. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि डिसेंबर २०१०मध्ये न्यायालयाने राज्य सरकारला १० लाखांचा भुर्दंड ठोठावला. भरला कुणी? सरकारी तिजोरीने, म्हणजे तुम्ही-आम्हीच.

असं फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत २००८ला घरकर्जांचा फुगा फुटला, लाखो कुटुंबांच्या घरांना कुलपं लागली. ज्यांना परवडत नव्हतं त्यांच्या गळ्यात चढत्या व्याजाची कर्जं मारली होती. सरकारने ऑक्टोबरात आधी बँकांसाठी ७०० अब्ज डॉलर्सची तरतूद केली. हप्ते कमी करून घरं वाचवायची योजना आली ती पुढच्या वर्षी, २००९मध्ये. आधी देणाऱ्याला वाचवायचं, मग घेणाऱ्याला. हा क्रम इथे काय, तिथे काय, सारखाच.

तरीपण एक कायदा आपल्याकडे खरंच चांगला झाला. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४. १९४६चा जुना कायदा जाऊन हा आला. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद. शेतकऱ्याला तारणावर वर्षाला नऊ टक्के, विनातारण बारा टक्के, यापेक्षा जास्त व्याज परवानाधारकालाही लावता येत नाही. चक्रवाढ बंद. आणि त्यातलं कलम १८ मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. सावकारीच्या व्यवहारात बळकावलेलं शेत असो, घर असो, चौकशीत ते सिद्ध झालं तर जिल्हा उपनिबंधक खरेदीखत रद्द ठरवून मालमत्ता परत देण्याचा आदेश काढू शकतात. नोंदणी झालेलं खत, तेही! दिवाणी कोर्टात दोन पिढ्या घालवायची गरज नाही.

पण यात एक मेख आहे. अर्जाच्या तारखेपासून मागे पंधरा वर्षांपर्यंतचेच व्यवहार धरले जातात. ज्या वर्षी पंतप्रधान येऊन गेले, त्या २००६च्या खताची मुदत २०२१लाच संपली. पॅकेजच्या काळात ज्यांची वावरं गेली, त्यातल्या कितीतरी बायकांना हे कलम माहीत होईपर्यंत ते त्यांच्यासाठी मेलेलं असणार. मुदत वाढवावी अशी मागणी आमच्या बायांनी आमदारांच्या दारात जाऊन करायला हवी. वाटल्यास हळदीकुंकवाच्या निमित्ताने जा, पण जा.

बायकांच्या नावावर कर्ज मिळत नाही ही तक्रार मात्र आता जुनी झाली. गटाचं कर्ज घरपोच येतं! हप्तेवाला दादा ठरल्या दिवशी येतो, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या नऊ जणी उठायच्या नाहीत. रिझर्व्ह बँकेचा २०२२चा नियम सांगतो की सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, या कर्जाला तारण घ्यायचं नाही आणि वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी, संध्याकाळी सहानंतर दारात यायचं नाही. हा नियम किती गटांच्या बैठकीत वाचून दाखवला गेला? एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटाचं कर्ज, आणि दोन्ही भरायला पुन्हा शेठ, असं चक्र मी पाहिलं आहे.

मला विचाराल तर खरी वाट सातबाऱ्यावरून जाते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, १९९२ला सरकारनेही बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची सोय केली. नाव असतं तर तिच्या सहीशिवाय सगळं वावर परस्पर जाऊ शकलं नसतं. तीस वर्षं उलटून गेली, आजही बाई म्हणते, ‘त्यायचं आन माझं काय येगळं हाये?’ वेगळं नाही ना, मग नाव लावायला काय हरकत आहे? हा प्रश्न नवऱ्याला विचारताना आवाज चढवायचीही गरज नाही.

आणि ज्यांचं वावर आधीच ‘खरेदीत’ गेलंय त्यांनी तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा यवतमाळला जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी अर्ज द्यावा. सोबत खरेदीखताची नक्कल, आधीचा आणि नंतरचा सातबारा, वावर आपणच वाहत होतो हे सांगणारा पीकपेरा, पैसे दिल्याची एखादी चिठ्ठी, जे असेल ते. खतातली किंमत बाजारभावाच्या मानाने फारच कमी असेल तर ते आवर्जून लिहा, चौकशीत त्याचा उपयोग होतो. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. २०१२चं खत असेल तर २०२७च्या त्याच तारखेच्या आत.