तिकडे थंडी नसते म्हणे!

"तिकडं कायची थंडी रायते?" गोंदियातून बंगळुरू, हैदराबाद किंवा चेन्नईला निघालेल्या प्रत्येकाला हे वाक्य किमान चार जणांकडून ऐकावं लागतं. मामा म्हणतो, शेजारच्या काकू म्हणतात, आधी जाऊन आलेला मित्र म्हणतो. आणि मिरची तोडायला बाया घेऊन जाणारा ठेकेदारही म्हणतो. पहिल्या तिघांशी माझं भांडण गमतीचं आहे. चौथ्याशी नाही. पण वाक्य चौघांचं एकच असल्यामुळे सुरुवात गमतीपासून करावी लागेल.

मी बंगळुरूत चार आणि हैदराबादेत दोन हिवाळे काढलेत. निघताना मोठ्या आईने एवढंच सांगितलं होतं, "सेटर बॅगीत ठेव, हवा सांगून येत नाई." तिने गोंदिया जिल्ह्याबाहेर फारसं काही पाहिलेलं नाही, तरी हवामानाची समज तिची चांगली.

पहिली भानगड 'तिकडे' या शब्दातच आहे. आपल्याकडून पाहिलं की बल्लारशाच्या पलीकडे सगळं एकच मद्रास दिसतं. आदिलाबाद, हैदराबाद, बंगळुरू, चेन्नई, कोची, सगळं एका पोत्यात. मुंबईची माणसं 'विदर्भात काय, नुसतं ऊन' असं म्हणतात तेव्हा आपल्याला राग येतो ना? मग तोच आळशीपणा आपण दक्षिणेच्या बाबतीत का करतो?

आधी आपला हिवाळा काय असतो ते पाहू, कारण आपण मोजपट्टी तीच घेऊन जातो. आपण समुद्रापासून लांब, उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर. उत्तरेकडून कोरडी हवा आली आणि आभाळ निरभ्र असलं की दिवसभराची ऊब रात्रीत उडून जाते. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरणं ही आपल्याकडे बातमी नाही. २९ डिसेंबर २०१८ ला तर नागपुरात ३.५ अंश नोंदले गेले. पण सकाळी नऊ वाजले की ऊन पडतं, आणि ते खरं ऊन असतं. दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो. आपली थंडी ही रात्रीची थंडी आहे, आणि तिच्याशी कसं वागायचं हे आपल्या घरांना माहीत आहे. अंगण आहे, सांदवाडी आहे, चूल आहे, शेकोटीला तुराट्या आहेत. धानाचे पुंजणे लागलेले असतात, गावोगाव मंडई भरते, आणि मंडईच्या रात्री झाडीपट्टीचं नाटक. रात्री दहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारं नाटक हजार-दोन हजार माणसं उघड्यावर, ब्लँकेटं पांघरून बघतात. थंडीमुळे नाटक रद्द झालं असं मी तरी कधी ऐकलं नाही. थंडी हाच आपला सीझन आहे.

आता हे सगळं काढून टाका. अंगण नाही, ऊन नाही, शेकोटी पेटवली तर वॉचमन धावत येतो. उरला फक्त आकडा. फोनवर दिसतं : बंगळुरू, १६ अंश. इकडे घरून स्क्रीनशॉट येतो : गोंदिया, ८ अंश, आणि खाली हसरी इमोजी. हा सामना दर डिसेंबरात प्रत्येक फॅमिली ग्रुपवर होतो आणि दर वेळी आपण जिंकतो.

पण त्या १६ अंशांत राहून बघा. बंगळुरू नऊशे मीटरपेक्षा उंचावर, दख्खनच्या पठारावर आहे. त्या शहराचा नीचांक ७.८ अंश, १३ जानेवारी १८८४ चा. तो विक्रम बाजूला ठेवू. रोजचं काय? नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की शहरावर दोन-तीन दिवस करडं आभाळ बसतं. झिमझिम पाऊस, बोचरा वारा, आणि दिवसाचं तापमान चढायचं नावच घेत नाही. रात्र १७, दुपार २१. आकड्यात आपल्यापेक्षा गरम. पण तुम्ही ज्या पीजीत राहता तिथली खिडकी शेजारच्या बिल्डिंगच्या भिंतीवर उघडते. दोन बिल्डिंगमध्ये हात घालायलाही जागा नाही. फरशी गार, गादी ओलसर, जीन्स तीन दिवस वाळत नाही. आणि गच्चीवरचा सोलर हीटर, ज्याच्या भरवशावर मालकाने '२४ तास गरम पाणी' असं जाहिरातीत लिहिलेलं असतं, तो नेमका ढगाळ दिवसातच थंड पाणी देतो, कारण त्यालाही तुमच्यासारखंच ऊन लागतं. माझ्या एका पीजीत तक्रार केली तर उत्तर मिळालं, "तुम्ही तर थंड गावातून आलात, तुम्हाला काय?" म्हणजे घरचे म्हणतात तिकडे थंडी नसते, आणि तिकडचे म्हणतात तुम्हाला थंडी वाजत नसते. दोन्हीकडून गीझर मात्र मिळत नाही.

हैदराबादचं वेगळं. तिथली हवा कोरडी, सकाळी धुकट, दुपारी ऊन, बरीचशी आपल्यासारखी. ८ जानेवारी १९४६ ला तिथे ६.१ अंशांपर्यंत पारा उतरला होता. आदिलाबादचं तर विचारूच नका. चंद्रपूर-यवतमाळच्या कुशीत बसलेला तो जिल्हा, हिवाळ्यात तिथे पारा सहज एक आकडी होतो. राज्य बदललं म्हणून हवेला कुणी चेकपोस्टवर थांबवत नाही.

आणि चेन्नईला जाणाऱ्याला 'स्वेटर नको' हा सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर हा मुख्य पावसाळा असतो. आपण लाखोळी पेरून मोकळे होतो तेव्हा तिकडे ईशान्य मोसमी पाऊस कोसळत असतो. २०१५ चा चेन्नईचा पूर डिसेंबरमध्येच आला होता, २०२३ चं मिचाँग वादळही डिसेंबरचं. तिकडे निघालेल्या पोराला 'थंडी नसते' एवढंच सांगून पाठवणं म्हणजे जुलैत मुंबईला निघालेल्याला 'ऊन नसतं' असं सांगण्यासारखं आहे.

यावर कुणी म्हणेल, काश्मीर-दिल्लीकडे माणसं गारठून मरतात आणि तुम्ही सोळा अंशांचं रडगाणं गाता. मान्य, सोळा अंशांनी कुणी मरत नाही. पण थंडी म्हणजे निव्वळ आकडा नव्हे, हे मी एकटा म्हणत नाही. आपल्या हवामान खात्याच्या नियमातच ते आहे. थंडीची लाट मोजताना सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली हवं, पण किनाऱ्यावर १५ अंशांपासूनच विचार सुरू होतो, आणि दोन्हीकडे पाहतात ते नेहमीपेक्षा पारा किती घसरला ते. म्हणजे जिथे जे अंगवळणी पडलेलं, त्याच्याशी तुलना. हे सरकारी खात्याला कळतं, आपल्या फॅमिली ग्रुपला कळत नाही.

इथवरचं सगळं आयटीवाल्यांचं आणि नर्सिंग, हॉटेल, सिक्युरिटीत गेलेल्या पोरापोरींचं झालं. त्यांना अडचण आली तर ते एक कंबल ऑनलाइन मागवतील. आता चौथ्या माणसाकडे येतो.

संक्रांतीच्या मागेपुढे अर्जुनी मोरगाव, देवरीकडून आणि शेजारच्या गडचिरोली-चंद्रपूरमधून मजुरांच्या गाड्या तेलंगणात निघतात. खम्मम, वरंगल, मिरचीचा तोडा. धान घरात आलेलं असतं, गावात काम नसतं, आणि तिकडे दोन-तीन महिने रोज मिळतो. बायाच जास्त. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनच्या वेळी हीच माणसं तेलंगणातून पायी परत येताना टीव्हीवर दिसली होती. त्याआधी आणि त्यानंतर ती कुणालाच दिसलेली नाहीत.

गाडी भरताना ठेकेदार काय म्हणतो ते मी स्वतः ऐकलंय : "बाई, लय ओझं नोको घेऊ. तिकडं थंडी नाई रायत." पोरगं कडेवर, तांदळाचं गाठोडं, दोन भांडी, एक जुनी चादर. कांबळ खाली उतरवून ठेवायला लावतात, कारण पिकअपमध्ये आणखी दोन माणसं बसवायची असतात.

मुक्काम शेताच्या बांधावर, ताडपत्रीच्या पालात. जमिनीवर तणस. पहाटे मिरचीच्या झाडांवर दव असतं आणि तोडा उजाडताच सुरू होतो. कमरेपर्यंत लुगडं भिजतं. बोटं एकीकडून गारठलेली, दुसरीकडून मिरचीने पेटलेली. ज्या हाताने मिरची तोडली त्या हाताने लेकराचं नाक पुसता येत नाही. हैदराबादच्या ऑफिसात ज्या १४ अंशांना 'प्लेझंट' म्हणतात, तेच १४ अंश इथे ओल्या लुगड्यात अंगावर घ्यायचे असतात.

आणि हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. १९७९ मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायदा झाला. त्याच्या १९८० च्या केंद्रीय नियमांत लिहिलं होतं की जिथे तापमान २० अंशांच्या खाली जातं तिथे ठेकेदाराने मजुराला लोकरीचा कोट आणि लोकरीची पँट द्यायची. वीस अंश! पाच नाही, दहा नाही. बाहेर राबणाऱ्या माणसाला वीस अंशांखाली थंडी वाजते हे दिल्लीतल्या कुण्या बाबूने चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी कागदावर लिहून ठेवलं. ते नियम केंद्राच्या अखत्यारीतल्या कामांसाठी होते, शेतातल्या तोड्यापर्यंत ते कधी पोचले नाहीत. पुढे तो कायदाच २०२० च्या नव्या कामगार संहितेत मिसळला. लोकरीचा कोट मिळालेली मिरची तोडणारी बाई मी तर पाहिलेली नाही. तुम्ही पाहिली असेल तर फोटो पाठवा, मी तोच स्क्रीनशॉट सगळ्या ग्रुपवर टाकीन.

म्हणून माझं म्हणणं आहे की 'तिकडे थंडी नसते' हे वाक्य निरागस नाही. पीजीवाल्याचा गीझर त्याने वाचतो, ठेकेदाराची गाडीतली जागा वाचते, आणि आपण घरबसल्या हसून ते पुढे ढकलत राहतो. दक्षिणेकडे जाणाऱ्याला सल्ला द्यायचाच असेल तर आधी विचारा : कुठे राहणार, खिडकी कुठल्या दिशेला, पाणी कशावर तापतं, काम किती वाजता सुरू होतं, अंथरायला काय आहे? आणि गावातून मिरचीला गाडी निघत असेल तर सरपंचाने, पोलीस पाटलाने, निदान तिथे उभ्या असलेल्या चार शिकलेल्या पोरांनी ठेकेदाराला एवढं सांगावं की कांबळ उतरणार नाही.

जागेचं कारण तो सांगेलच. दोन किलोची एक कांबळ धरली तर वीस बायांच्या कांबळी चाळीस किलो होतात. येताना त्याच गाडीत तो मिरचीचं जे पोतं टाकून आणतो, तेही साधारण तेवढंच भरतं.