अटकेचा कागद कोणत्या भाषेत?

लाटंबार्सेच्या माणसाला राज्याची सीमा रोज आडवी येत नाही. सरकारी कामाला तो डिचोलीला जातो, बाजारहाटाला दोडामार्गला. सोयरिकी दोन्हीकडे, देवदर्शन दोन्हीकडे, आणि घरात पोथी व वर्तमानपत्र वाचले जाते ते मराठीतून. वाटेवरचे तपासणी नाके एवढाच त्याचा सीमेशी संबंध. मात्र घरातल्या कोणाला पोलिसांनी उचलून नेले की ही सीमा एकाएकी उंच होते. दोडामार्गच्या ठाण्यात अटक झाली तर प्रथम माहिती अहवाल व जबाब मराठीत लिहिले जातात. डिचोलीच्या स्थानकात अटक झाली तर तेच कागद बहुतकरून इंग्रजीत तयार होतात. माणूस तोच, आरोप तोच, त्याची भाषा तीच. बदलते ती केवळ पोलिसांची हद्द.

अशा वेळी घरच्यांचे प्रश्न साधे असतात. त्याला कुठे ठेवले आहे? कोणी नेले? कशासाठी नेले? या प्रश्नांची उत्तरे मिळणे ही पोलिसांची मेहेरबानी नव्हे, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली अटकेचे नियमच घालून दिले. अटकेच्या वेळी मेमो करावा, त्यावर घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष घ्यावी, नातेवाईकांना कळवावे आणि जिल्हा नियंत्रण कक्षातील फलकावर नोंद लावावी, असे त्यात सांगितले होते. पुढे हे नियम फौजदारी प्रक्रिया संहितेत आले. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम 37 नुसार प्रत्येक पोलीस स्थानकात साहाय्यक उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा एक अधिकारी नेमावा लागतो. अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप यांची नोंद त्याने ठेवायची, आणि ती स्थानकात व जिल्हा मुख्यालयात सर्वांना दिसेल अशी लावायची. कलम 48 सांगते की अटकेची खबर कोणाला दिली, याचीही नोंद स्थानकातील वहीत झाली पाहिजे.

म्हणजे कागद असतोच, किंबहुना असलाच पाहिजे. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. हा कागद ज्याच्यासाठी आहे, त्याला तो वाचता येतो काय? फलक भिंतीवर आहे, पण त्यावरची अक्षरे गावच्या आईबापांना लागत नाहीत, तर तो फलक असून नसल्यासारखा. न समजणाऱ्या भाषेतल्या मेमोवर ज्याने सही केली, त्याने कशाला मान्यता दिली?

या बाबतीत न्यायालयांची भूमिका जुनी आणि स्पष्ट आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेत ठेवलेल्या महाराष्ट्रातील एका इसमाला स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत देण्यात आली होती. ती तोंडी भाषांतर करून सांगितली, एवढ्याने भागते, असे सरकारचे म्हणणे होते. 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले. इंग्रजी न जाणणाऱ्याला त्याला समजेल अशा भाषेत कारणे मिळालीच पाहिजेत, असा तो निकाल होता. ते प्रकरण स्थानबद्धतेचे होते. साध्या अटकेच्या बाबतीत हा मुद्दा निर्णायकपणे यायला मात्र 2025 साल उजाडले. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात 6 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे लेखी द्यावीत आणि ती अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत असावीत. तत्काळ लेखी देणे शक्य नसेल तर तोंडी सांगावीत, पण रिमांडसाठी दंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद त्याच्या हातात पडलाच पाहिजे.

गोव्यात या निकालाला राजभाषा कायद्याचीही जोड आहे. 1987 च्या कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा झाली आणि सर्व किंवा कोणत्याही सरकारी कामासाठी मराठीचाही वापर करण्याची तरतूद त्यात झाली. हे कलम केवळ समारंभांच्या निमंत्रणपत्रिकांसाठी ठेवलेले नाही. पोलीस स्थानकातील कामकाज हे सरकारी कामकाजच होय. येथे कोकणी विरुद्ध मराठी असा वाद कोणी उकरून काढू नये. ज्याला कोकणीत हवे त्याला कोकणीत द्यावे, ज्याला मराठीत हवे त्याला मराठीत द्यावे. दोन्हींची लिपी एक आहे. पोर्तुगीज अमदानीत गावच्या माणसाने न समजणाऱ्या कागदांवर अंगठे उठवले. 1961 मध्ये ती राजवट गेली. पण तो अंगठा आता इंग्रजी कागदावर उठत असेल, तर पेडणे आणि डिचोलीच्या वाट्याला या बाबतीत काय बदल आला?

सरकारकडून मागावयाचे ते मागूच, परंतु गावकऱ्यांच्या हातातही एक साधन आहे. 12 ऑक्टोबर 2005 पासून माहितीचा अधिकार कायदा देशभर लागू आहे. गोव्याने तर त्याआधी 1997 मध्येच असा कायदा केला होता. केंद्रीय कायद्याच्या कलम 6 प्रमाणे अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. माहिती कशाला हवी, हे सांगावे लागत नाही. ज्याला लिहिता येत नाही, त्याची तोंडी मागणी लिहून घेण्यास साहाय्य करणे हे जन माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. उत्तराची मुदत 30 दिवसांची, पण माहिती कोणाच्या जीविताशी अथवा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर 48 तासांची. कोठडीतल्या माणसाविषयीच्या अर्जात म्हणून हा 48 तासांचा उल्लेख ठळक करावा. अटकेची तारीख, वेळ व ठिकाण, अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा, मेमोची प्रत आणि खबर कोणाला दिली त्या नोंदीची प्रत, एवढे नेमके मागावे. "सर्व कागद द्या" अशी मोघम मागणी केली की नकाराला वाट मिळते. अर्ज मराठीत करावा, पोच घ्यावी. "इंग्रजीत लिहून आणा" असे कोणी म्हटल्यास, ते लेखी द्या, असे नम्रपणे सांगावे.

या हक्काला मर्यादा आहेत आणि त्या असाव्यात. तपासाला किंवा आरोपीला पकडण्याला बाधा येईल अशी माहिती पोलीस नाकारू शकतात. अल्पवयीन मुलांची आणि लैंगिक अत्याचारातील पीडितांची ओळख उघड करता येत नाही. 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने खासगी माहितीचा अपवाद अधिक रुंद केला आहे, त्यामुळे नकार वाढण्याचा धोका आहे. मात्र कलम 37 ची फलकाची सक्ती कोणाच्या अर्जावर अवलंबून नाही, हे विसरू नये. त्याच वेळी अटक म्हणजे शिक्षा नव्हे, याचेही भान हवे. अमेरिकेत अनेक ठिकाणी अटकेच्या नोंदी कोणालाही पाहता येतात. तेथे निर्दोष सुटलेल्यांची छायाचित्रेही वर्षानुवर्षे फिरत राहिली आणि त्यांना नोकऱ्या मिळेनात. नोंद मागायची ती माणसाच्या रक्षणासाठी, चव्हाट्यावर त्याची अब्रू काढण्यासाठी नव्हे.

गोवा सरकारपुढे आमची मागणी तीन कलमी आहे. डिचोली व पेडणे पोलीस स्थानकांतील अटकेचे फलक कोकणी व मराठीत लिहावेत. अटक मेमो आणि अटकेची कारणे यांचे छापील नमुने दोन्ही भाषांत स्थानकात तयार ठेवावेत, म्हणजे ऐनवेळी भाषांतरकार शोधावा लागणार नाही. आणि मराठीतील माहिती अर्जाला मराठीतच उत्तर द्यावे. यासाठी नवा कायदा नको, मोठा खर्च नको. माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 स्थानिक भाषेचा विचार करूनच माहिती प्रसृत करा, असे सांगतेच आहे.

आणि पंचायतींनी सरकारची वाट पाहत बसू नये. लाटंबार्सेसारख्या सीमेवरच्या प्रत्येक पंचायतीने मराठी अर्जाचा नमुना, आणि डिचोली व दोडामार्ग या दोन्ही पोलिसांचे दूरध्वनी क्रमांक आपल्या फलकावर लावावेत. ग्रामसभेने वरील तीन मागण्यांचा ठराव मराठीत करून पोलीस अधीक्षकांकडे धाडावा. मराठीचे प्रेम आपण सभा-संमेलनांतून पुष्कळ बोलून दाखवतो. रात्री घरातला मुलगा परतला नाही आणि सकाळी बापाला स्थानकाच्या भिंतीवर त्याचे नाव स्वतः वाचता आले, तर ते प्रेम उपयोगी पडले असे म्हणता येईल.