देशी पऱ्हाटी : बियाणे आहे, बाजार कुठे आहे?

वाशिम जिल्ह्यात ऐन पावसाळ्यात फिरले, तर नजर जाईल तिथवर सोयाबीन दिसते. कारंजा, मानोरा, मंगरूळपीर या बाजूला मधून मधून पऱ्हाटीची शेते लागतात, पण तीही जवळपास सगळी संकरित बीटी वाणांची. वऱ्हाडाच्या काळ्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या पिकलेला देशी कापूस आज शोधावाच लागतो. तो पुन्हा लावावा, असे आता शास्त्रज्ञ म्हणतात आणि काही शेतकरीही म्हणू लागले आहेत. यामागे केवळ जुन्या दिवसांची हळहळ आहे, की खरोखर काही हिशेब आहे, हे तपासून पाहायला हवे.

देशी कापूस मागे का पडला, याचे उत्तर शेतापेक्षा गिरणीत अधिक सापडते. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. अमरावतीच्या जुन्या नावावरून आपला कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ‘उमरा’ म्हणून ओळखला जाई. पण तिथली यंत्रे अमेरिकन कापसाच्या लांब धाग्यासाठी घडलेली होती. आपला आखूड धागा गरजेपुरता घेतला गेला आणि युद्ध संपताच भाव कोसळले. पुढे आपल्या गिरण्यांनीही लांब धाग्याचीच मागणी केली. १९७० मध्ये गुजरातेत ‘एच-४’ हे संकरित वाण आले, २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली आणि देशी वाण बांधाबाहेर गेले.

बीटीने सुरुवातीला हिरव्या बोंडअळीपासून दिलासा दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. पाऊस दडी मारून बसला आणि दुबार पेरणीची वेळ आली, की बियाण्याचा खर्चही दुबार होतो. त्यावर खत, त्यावर फवारणी. ज्या जिल्ह्यात बहुतेक शेती पावसावर आहे, तिथे हा सारा जुगार उधारीवर खेळला जातो. २००६ मध्ये केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्या सहांत वाशिम होता. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बीटीलाही जुमानले नाही. त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली.

देशी कापूस या साऱ्यावर रामबाण उपाय आहे काय? नाही. त्याचे बोंड लहान, म्हणून वेचणीला वेळ लागतो आणि मजुरी वाढते. बोंड फुटल्यावर कापूस लवकर गळून मातीत पडतो. बोंडअळी त्यालाही सोडत नाही. पण त्याचे मूळ खोल जाते, पावसाचा खंड तो बऱ्यापैकी सोसतो आणि तुडतुड्यांसारख्या रसशोषक किडींचा त्रास त्याला कमी होतो. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे घरची सरकी पुढच्या वर्षी पेरता येते. देशी आणि अमेरिकन कापसाच्या गुणसूत्रांची संख्या वेगळी, २६ आणि ५२. त्यामुळे शेजारी बीटीचे शेत असले तरी दोघांचा संकर सहसा होत नाही.

आयुष्याची बरीच वर्षे मी बँकेत कर्जाचे कागद तपासण्यात घालवली. पीककर्ज एकरी किती द्यायचे, ते पिकाच्या उत्पादनखर्चावरून ठरते. खर्चिक पिकाला कर्ज जास्त, कमी खर्चाच्या पिकाला कमी. कागदावर हे बरोबरच दिसते. पण पीक बुडाले तर शेतकऱ्याच्या डोक्यावर किती बोजा उरेल, हा रकाना त्या कागदावर नसतो. चांगल्या वर्षी बीटी दोन पैसे जास्त देईलही. प्रश्न वाईट वर्षाचा आहे, आणि कोरडवाहू शेतकरी मोडतो तो वाईट वर्षातच. घरचे बियाणे आणि कमी फवारणी म्हणजे बुडालेल्या हंगामानंतरचे कमी कर्ज. देशी कापसाची खरी किंमत इथे आहे.

मग शेतकरी तो लावत का नाहीत? कारण विकायचा कुठे, हा प्रश्न आहे. केंद्र सरकार दरवर्षी कापसाचे हमीभाव जाहीर करते, तेव्हा बातमीत येतात ते मध्यम आणि लांब धाग्याचे दोन भाव. एखाद्याने दोन एकर देशी कापूस पिकवला, तरी जिनिंगमध्ये तो इतरांच्या ढिगात मिसळतो आणि भाव मिळतो तो कमीचा. वास्तविक पाणी चटकन शोषणारी त्याची रुई दवाखान्यातल्या कापसाला उत्तम आणि गादी-रजईला तर ती पूर्वापार चालत आलेली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘पीए २५५’सारखी लांब धाग्याची देशी वाणेही तयार केली आहेत. म्हणजे संशोधनाचे काम झाले आहे, अडले आहे ते त्यापुढचे.

बांगलादेशाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ढाक्याची मलमल ज्या फुटी कार्पासाच्या सुतापासून विणली जाई, तोही देशी कापसाच्याच कुळातला. तिथल्या संशोधकांनी त्या झाडाचा माग काढलाच, शिवाय हाताने बारीक सूत काढणारे आणि विणणारे कारागीरही तयार केले. २०२० मध्ये मलमलीला भौगोलिक मानांकन मिळाले. बियाणे, सूत आणि कापड तिथे एका दोरीत ओवले गेले. आपल्याकडे सरकीचे वाटप होते, फोटो निघतात आणि हंगाम संपला की शेतकरी पुन्हा बीटीचे पाकीट घेतो.

कारंजा ही कापसाची जुनी पेठ. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला रेल्वे कारंज्यावरून जात असे, ती कापसासाठीच घातलेली. अशा गावात एका जिनिंगने हंगामातले ठरावीक दिवस फक्त देशी कापसासाठी राखले, शेतकरी कंपनीने रुग्णालयाच्या कापसाचा कारखाना गाठून पेरणीआधी भाव ठरवला आणि त्या कराराच्या आधारावर बँकेने कर्ज दिले, तर शंभर एकरांचीही सुरुवात पुरे. यात अवघड असे काही नाही, फक्त तिघांनी एका टेबलाशी बसायला हवे. तोवर ‘देशी वाण लावा’ हा सल्ला शेतकऱ्याला देणे म्हणजे सारी जोखीम पुन्हा त्याच्याच खांद्यावर टाकणे होय. ती त्याने आजवर पुरेशी उचलली आहे.