विवेकदीप : स्त्रीबीजदान आणि आपला धर्मविचार



अपत्य नसण्याचे दुःख आपल्या समाजात बहुधा अबोलच राहते. पेढीवरचा नफा-तोटा चारचौघांत मांडणारी माणसे या विषयावर घरातल्या घरातही बोलत नाहीत. 'टेस्ट ट्यूब बेबी' हा शब्द आता सर्वांच्या परिचयाचा आहे. तरीही दुसऱ्या स्त्रीचे बीज घेऊन गर्भधारणा करावी, असे डॉक्टरांनी सुचविले की घरात एकाएकी शांतता पसरते. असे मूल आपले म्हणावे काय? बीज देणाऱ्या स्त्रीचे काय? आणि प्रयोगशाळेत उरलेल्या भ्रूणांचे काय? या तीन प्रश्नांचा विचार या वेळी करू.

प्रथम थोडा इतिहास पाहू. शरीराबाहेर फलन होऊन जन्मलेले जगातील पहिले मूल म्हणजे लुईस ब्राऊन. तिचा जन्म 25 जुलै 1978 रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे झाला. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांच्या दीर्घ परिश्रमांचे ते फळ होते. एडवर्ड्स यांना 2010 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, पण त्यांचे दोन्ही सहकारी तोवर हयात नव्हते.

लुईसनंतर अवघ्या 70 दिवसांनी, 3 ऑक्टोबर 1978 रोजी, कोलकात्यातील एका मारवाडी कुटुंबात 'दुर्गा' जन्माला आली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी गोठवून ठेवलेल्या भ्रूणापासून हा जन्म घडवून आणला होता. त्यांच्या वाट्याला मात्र सन्मान आला नाही. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला, त्यांची थट्टा झाली. अखेर 19 जून 1981 रोजी त्यांनी स्वतःचे जीवन संपविले. पुढे 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षाचा जन्म झाला आणि देशातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिची नोंद झाली. 1997 मध्ये मुखोपाध्यायांची टिपणे आनंदकुमारांच्या पाहण्यात आली. ती अभ्यासल्यावर, हा मान आपला नसून मुखोपाध्यायांचा आहे, असे त्यांनी स्वतःच जाहीर केले. स्वतःच्या कीर्तीचा परिग्रह सोडण्याचे याहून चांगले उदाहरण विरळाच.

आता मूळ विषयाकडे वळू. स्त्रीच्या बीजांचा साठा तिच्या जन्मापूर्वीच ठरलेला असतो आणि वयाच्या पस्तिशीनंतर तो वेगाने घटतो. काहींच्या बाबतीत अकाली रजोनिवृत्तीमुळे, तर काहींच्या बाबतीत कर्करोगाच्या उपचारांमुळे तो लवकर संपतो. अशा वेळी दुसऱ्या स्त्रीचे बीज घेऊन पतीच्या शुक्राणूशी त्याचे फलन करतात आणि भ्रूण पत्नीच्या गर्भाशयात सोडतात. 1984 च्या सुमारास परदेशांत या मार्गाने पहिली मुले जन्मली. नऊ महिने ते मूल पत्नीच्याच उदरात वाढते आणि तिच्याच रक्तावर पोसते.

मग ते मूल कोणाचे? 2021 च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. असे मूल त्या दांपत्याचेच मानले जाते आणि बीज देणाऱ्या स्त्रीचा त्यावर पालकत्वाचा कोणताही हक्क उरत नाही. आपली परंपराही येथे आडवी येत नाही. पिंडदानासाठी पुत्र हवा, पुत्राविना गती नाही, अशी कल्पना जैन दर्शनात नाही. प्रत्येक जीव आपल्या कर्मांचा कर्ता आणि भोक्ता स्वतःच असतो. म्हणूनच आपल्याकडे दत्तकाला धार्मिक विधीपेक्षा लौकिक व्यवहाराचे स्वरूप राहिले. जैन विधवेला पतीच्या अनुज्ञेवाचून दत्तक घेता येते, ही रूढी प्रिव्ही कौन्सिलने 1878 सालीच मान्य केली होती. रक्ताच्या नात्यापेक्षा मायेचे नाते आपल्या पूर्वजांनी कमी लेखले नाही. मग सुनेच्या उदरातून जन्मलेल्या मुलाला परके का मानावे?

भगवान महावीरांच्या गर्भांतराची कथा श्वेतांबर परंपरेत आहे, दिगंबर परंपरा ती मानीत नाही. तिचा दाखला देऊन 'हे विज्ञान आपल्याकडे पूर्वीच होते' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. श्रद्धेच्या कथेला प्रयोगशाळेचा पुरावा करू नये, त्यात श्रद्धेचाही मान राहत नाही आणि विज्ञानाचाही.

दुसरा प्रश्न बीज देणाऱ्या स्त्रीचा. तिला कित्येक दिवस संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावी लागतात, मग भूल देऊन सुईने बीजे काढतात. क्वचित बीजकोश अतिउद्दीपित होऊन प्रकृती गंभीर होते. म्हणून कायद्याने बीजदात्या स्त्रीचे वय 23 ते 35 ठरविले आहे. तिने आयुष्यात एकदाच बीज द्यावे, सातांहून अधिक बीजे काढू नयेत आणि तिचा विमा उतरवावा, असेही बंधन आहे. बीजांची खरेदी-विक्री निषिद्ध आहे. दान आणि सौदा यांतला भेद व्यापारी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. एका बाजूला गरज आणि दुसऱ्या बाजूला पैसा असला की दान या शब्दाचा अर्थ पातळ होतो. केंद्र नोंदणीकृत आहे काय, दात्या स्त्रीचा विमा आहे काय, हे आपण विचारलेच पाहिजे. जिच्यामुळे आपल्या घरी पाळणा हलणार, तिच्या देहाविषयी बेफिकीर राहणे हाही प्रमादच.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण. एका वेळी अनेक भ्रूण तयार होतात आणि उरलेले गोठवून ठेवतात. कायद्यानुसार ते 10 वर्षांपर्यंत ठेवता येतात. पुढे ते नष्ट होऊ द्यावे लागतात किंवा दांपत्याच्या संमतीने संशोधनासाठी द्यावे लागतात. त्या भ्रूणात जीवाचे आगमन केव्हा होते, याचा निर्णय करण्याचा अधिकार या लेखणीचा नाही, तो आपल्या गुरुजनांना विचारावा. शंका असली तरी सावधगिरी मात्र आपल्या हाती आहे. वापरायची तेवढीच बीजे फलित करावीत, असे डॉक्टरांना उपचारापूर्वीच सांगता येते. एका वेळी एकच भ्रूण रोपण करण्याचा आग्रह धरता येतो, म्हणजे तिळे राहून गर्भसंख्या कमी करण्याचा प्रसंगच उद्भवत नाही. अर्थात यालाही किंमत आहे. इटलीने 2004 मध्ये तीनच भ्रूणांची सक्ती केली, पण स्त्रियांना पुन्हा पुन्हा उपचारांचा त्रास सोसावा लागू नये म्हणून तेथील घटनात्मक न्यायालयाने 2009 मध्ये ती रद्द केली. म्हणून हा नियम सासूने किंवा समाजाने सुनेवर लादू नये. उपचार जिच्या देहावर होणार तिने आणि तिच्या पतीने मिळून तो स्वीकारावा.

वडीलधाऱ्यांना दोन विनंत्या. मूल होत नसेल तर मुलाचीही तपासणी आधीच करून घ्या, दोष अनेकदा पुरुषाकडे असतो. आणि 'मुलगाच हवा' ही अट डॉक्टरांच्या कानी घालू नका. गर्भलिंगनिवड हा गुन्हा तर आहेच, आपल्या धर्मात त्याला हिंसेहून सौम्य शब्द नाही.

उपचार दरवेळी यशस्वी होतोच असे नाही. कोणी दत्तक घेईल, तर कोणी अपत्याविना राहून आपले वात्सल्य पाठशाळेतील मुलांना देईल. तेही घर पूर्णच असते. अशा घरातील सुनेला मंगलकार्यात ओटी भरण्यासाठी पुढे बोलवा, एवढे तरी आपल्या हाती आहे.