शेगडा आधी की मेज आधी?

लाकूडकाम करणाऱ्या माणसाला दोन हात नेहमीच अपुरे पडतात. करवत एका हातात घेतली की दुसरा हात लाकूड धरून ठेवण्यात गुंततो. आणि रंधा तर दोन्ही हातांनीच चालवावा लागत असल्यामुळे लाकूड धरावयास हातच उरत नाही. ही उणीव भरून काढणारे जे साधन आहे त्यास पारिभाषिक मराठीत शेगडा म्हणतात. हत्यारांच्या दुकानांत आणि कारखान्यांत त्याचे नाव व्हाइस असे आहे. एक स्थिर जबडा, एक सरकता जबडा, त्यांना जवळ आणणारे मळसूत्र आणि ते फिरविण्याची दांडी, एवढीच त्याची रचना. ती इतकी साधी आहे की शाळेच्या कार्यशाळेसाठी सामान खरेदी करताना ‘शेगडे, नग दहा’ अशी एक ओळ यादीत लिहिली म्हणजे काम संपले, असे वाटणे स्वाभाविक होय. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, ही ओळ यादीत सर्वांत शेवटी यावयास हवी.

हा प्रश्न केवळ सुतारांचा नाही. १९३७ साली वर्धा येथे मूलोद्योगी शिक्षणाची जी योजना मांडली गेली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जिला अभ्यासक्रमाचे रूप दिले, तीत सूतकताई व शेती यांच्याबरोबर सुतारकामालाही स्थान होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवी या काळात केव्हा तरी दहा दिवस दप्तराविना घालवून स्थानिक कारागिरांकडे काम शिकण्याची जी सूचना आहे, तीतही सुताराचा उल्लेख आहे. तेव्हा आपल्या देशातील पुष्कळशी मुले पहिल्यांदा करवत हाती घेतील ती शाळेतच, हे उघड आहे. त्या पहिल्या तासाला हातातले लाकूड डळमळू लागले तर करवत रेषेवरून भरकटते, पटाशी घसरते आणि मूल मनाशी ठरवून टाकते की, आपला हातच वाईट. दोष मेजाचा असतो. पण तो मुलाच्या खाती जमा होतो. एकदा झालेला हा समज पुढे सहजी पुसला जात नाही.

पकडीचा हिशेब

शेगडा निवडताना सामान्यतः एकच गोष्ट पाहिली जाते, ती म्हणजे तो किती भक्कम आहे. म्हणून प्रथम त्याच्या शक्तीचा अदमास घेऊ. दांडीचे टोक मळसूत्राच्या मध्यापासून १५ सेंटिमीटर अंतरावर आहे असे समजा. एका पूर्ण फेऱ्यात ते टोक सुमारे ९४ सेंटिमीटर अंतर चालते. तेवढ्यात जबडा ६ मिलिमीटर पुढे सरकत असेल, तर हाताची चाल जबड्याच्या चालीच्या सुमारे १५७ पट झाली. घर्षण नसते, तर दांडीवर दिलेल्या १० किलोग्रॅमच्या जोराचे जबड्यांत १,५०० किलोग्रॅमहून अधिक झाले असते. प्रत्यक्षात आट्यांमधील घर्षण त्याचा फार मोठा भाग खाऊन टाकते. एक पंचमांश भागच हाती लागतो असे धरले, तरी सुमारे ३०० किलोग्रॅमची पकड मिळते.

येथे घर्षणाला दोष देण्याचे कारण नाही. हेच घर्षण मळसूत्राला उलटे फिरू देत नाही. म्हणूनच दांडीवरचा हात काढून घेतल्यावरही शेगडा आवळलेला राहतो. लाकूड जबड्यांत टिकते तेही घर्षणामुळेच. लाकडाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी ३०० किलोग्रॅमचा दाब आहे आणि घर्षणाचा गुणांक ०.३ आहे असे मानले, तर ते लाकूड जबड्यांतून सरकविण्यास सुमारे १८० किलोग्रॅमचा जोर लावावा लागेल. रंधा ढकलणाऱ्या प्रौढ माणसाचा जोर १५ किलोग्रॅम धरला, तर साध्यातल्या साध्या शेगड्याचीही पकड गरजेच्या बारापट आहे.

आता मेजाकडे वळू. मेजाचे वजन ३० किलोग्रॅम आहे, फरशी गुळगुळीत आहे आणि मेजाचे पाय व फरशी यांच्यातील घर्षणाचा गुणांक ०.४ आहे असे समजा. हे मेज १२ किलोग्रॅमच्या जोराने सरकू लागेल! म्हणजे एकीकडे १८० किलोग्रॅमला न हलणारी पकड आणि दुसरीकडे १२ किलोग्रॅमला हलणारे मेज, अशी ही जोडी झाली. साखळीतील सर्वांत कमकुवत कडी कोणती, हे निराळे सांगावयास नको. अशा स्थितीत अधिक मोठा आणि अधिक महाग शेगडा विकत घेणे म्हणजे ज्या कडीत दोष नाही तीच पुन्हा जाड करणे होय.

शेगड्यावाचून पकड

लाकूड पकडण्याची विद्या शेगड्याहून जुनी आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम नगरातील एका भित्तिचित्रात सुतारकामाचे बुटके मेज दिसते. त्यावरील लाकूड भोकात ठोकलेल्या लोखंडी आकडीने दाबून धरलेले आहे. फ्रान्समध्ये आंद्रे जाकोब रूबो याने १७६९ पासून प्रसिद्ध केलेल्या सुतारकामावरील विस्तृत ग्रंथातही अशीच आकडी आणि रंध्यापुढे लाकूड अडविणारा ठोकळा यांना मेजावर मानाचे स्थान आहे. त्या मेजाचा पृष्ठभाग म्हणजे एक अखंड जाड फळी आणि पायही तसेच दणकट. भार मेजाचा, अडविण्याचे काम ठोकळ्याचे; आवळण्याची गरज थोडी.

आपल्या देशातील परंपरागत सुतार तर जमिनीवर बसून पायांनीच लाकूड धरीत आला आहे. यावरून कोणी असा आक्षेप घेईल की, जी कला मेजावाचून आणि शेगड्यावाचून शतकानुशतके चालली, तिच्यासाठी शाळांनी हा खर्च का करावा? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पायाची पकड ही कमी प्रतीची पकड नव्हे. ती क्षणात घट्ट होते, क्षणात सुटते, वाकड्या लाकडालाही जुळवून घेते. आणि जमीन तर कधीच सरकत नाही! परंतु ही पकड लहानपणापासूनच्या सहवासाने येते. तीस-चाळीस मुलांच्या वर्गात, आठवड्यातून एखाद्या तासिकेत, धारदार पटाशीसमोर मुलाचा पाय ठेवणे कोणत्याही शिक्षकाला मान्य होणार नाही. म्हणून शाळेत शेगडा हवाच. मात्र जुन्या सुताराच्या पद्धतीतून एक धडा घ्यावयास हवा, तो असा की, पकडीचा खरा आधार पकडणाऱ्या वस्तूच्या खाली असतो.

निवड

मेज जड करावे. त्याचा पृष्ठभाग जाड असावा, पायांना खालून आडव्या पट्ट्या व तिरके आधार द्यावेत. जड लाकूड परवडत नसेल, तर खालच्या पट्ट्यांवर फळ्या टाकून त्यांवर वाळूची पोती किंवा दगड ठेवावेत. मेज भिंतीला लावावे अथवा लोखंडी कोनपट्ट्यांनी जमिनीशी जखडावे. यास खर्च थोडा येतो. त्यातून जे पैसे उरतील त्यांतून शेगडा घ्यावा.

तो घेताना पहिली दक्षता ही की, जोडाऱ्याचा शेगडा सुतारकामासाठी घेऊ नये. त्याचे जबडे लोखंड धरण्यासाठी दातेरी केलेले असतात आणि तो मेजाच्या वर उभा राहतो. सुताराच्या शेगड्याचे जबडे सपाट व रुंद असतात, आणि तो मेजाच्या कडेला, पृष्ठभागाच्या पातळीखाली बसतो. त्यामुळे लांब फळी मेजाच्या कडेशी टेकवून तिच्या धारेवर रंधा मारता येतो. जोडाऱ्याच्या शेगड्यात तीच फळी अधांतरी राहते आणि लाकडावर दात उमटतात ते वेगळेच.

रुंदी किती असावी? शाळेतील कामाला १७५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे सात इंच रुंदीचे जबडे पुरेसे आहेत. याहून मोठा शेगडा जड असतो आणि लहान मुलाला त्याची दांडी नीट आवळता येत नाही. काही शेगड्यांत खटका दाबताच जबडा एकदम सरकविता येतो. सोय चांगली आहे. परंतु तिच्या आतील अर्धवट नटात भुसा साचला की आटे नीट धरीत नाहीत. जेथे नियमित साफसफाईची खात्री आहे तेथेच ही सोय घ्यावी. दुकानात पाहावयाची कसोटी अशी : जबडा अर्धा उघडून हाताने वरखाली व बाजूंना हलवावा. तो थोडा हलणारच. पण खडखडू लागला तर तो शेगडा नाकारावा. तसेच जबडे हलकेच मिटले असता वरच्या कडा प्रथम टेकाव्यात. आवळताना सरकता जबडा वरून किंचित मागे रेलतो. वरच्या कडा आधी टेकत असतील तरच पूर्ण आवळल्यावर जबडे सर्वत्र सारखे बसतात.

बसविण्याची रीत

उजव्या हाताने काम करणाऱ्यासाठी शेगडा मेजाच्या पुढच्या कडेला डाव्या बाजूस, पायाच्या शक्य तितका जवळ बसवावा, म्हणजे भार सरळ पायावर उतरतो. डावखुऱ्या मुलांसाठी निदान एका मेजावर तो उजव्या बाजूस असावा. त्यांना उलट्या बाजूने काम करावयास लावणे हे शिस्तीचे लक्षण नव्हे. मेजाची उंची इतकी असावी की सरळ उभे राहून हात खाली सोडला असता आडवा धरलेला तळहात पृष्ठभागावर टेकावा. सर्व मुलांची उंची सारखी नसते. तेव्हा बुटक्या मुलांसाठी पायांखाली ठेवावयाचे पाट करून ठेवावेत.

मेज उलटे पाडून शेगडा बसविणे सोपे जाते. पृष्ठभाग पुरेसा जाड नसेल तर शेगडा व फळी यांच्यामध्ये लाकडी ठोकळा घालावा. त्या ठोकळ्याच्या शिरा फळीच्या शिरांच्याच दिशेने असाव्यात, म्हणजे पावसाळ्यात दोन्ही लाकडे सारखी फुगतात व सांधा ताणला जात नाही. आखूड स्क्रूंवर विसंबू नये. आरपार बोल्ट घालून रुंद वायसर द्यावेत आणि बोल्टाचे डोके वरच्या बाजूस लाकडात बुडवावे. मागचा जबडा मेजाच्या कडेत खाच करून इतका आत घ्यावा की त्याच्या लाकडी अस्तराचा चेहरा मेजाच्या कडेशी समपातळीत येईल. लोखंडी जबड्यांच्या वरच्या कडा पृष्ठभागापासून सुमारे १० मिलिमीटर खाली ठेवाव्यात आणि अस्तर तेवढे वर आणावे. म्हणजे रंध्याचे पाते लोखंडावर आपटत नाही. अस्तराची फळी पंधरा-वीस मिलिमीटर जाडीची असावी आणि तिचे स्क्रू मागून घालावेत. ती झिजली की बदलावी. झिजणे हेच तिचे काम आहे.

वापराचे नियमही थोडेच आहेत. लाकूड जबड्याच्या एकाच टोकाला धरावयाचे असेल, तर दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा तुकडा घालावा. नाही तर जबडा तिरका होतो आणि पकड सुटते. पटाशीवर ठोका मारून खाच पाडताना लाकूड शेगड्यात न धरता मेजाच्या पायावर येईल असे ठेवावे. बीड दाब उत्तम सोसते. आघात मात्र त्याला मानवत नाही. दांडीला नळी लावून ती लांब करू नये. दर पावसाळ्यानंतर बोल्ट पुन्हा आवळावेत, आटे पुसून त्यांस तेल द्यावे. कोकणासारख्या दमट प्रदेशात हे काम पावसाळ्यातही करावे.

एवढे सर्व एका ओळीच्या खरेदीसाठी कशाला, असे वाटल्यास मुख्याध्यापकांनी एक साधा प्रयोग करावा. शेगडा बसविणाऱ्याचे बिल चुकते करण्यापूर्वी सातवीतील एका मुलाला बोलावून त्याच्या हाती रंधा द्यावा आणि शेगड्यात धरलेल्या फळीच्या धारेवर तो दहा वेळा चालवावयास सांगावे. मेजाच्या पायांभोवती आधीच खडूने रेघा ओढून ठेवाव्यात. दहाव्या वेळेनंतरही पाय रेघांच्या आतच असतील आणि मुलाचे लक्ष मेजाकडे न जाता रंध्यातून निघणाऱ्या ढलप्यांकडे असेल, तर बिलावर सही करण्यास हरकत नाही.